राणीचं माहेर

रजतने पाच गंजके डबे माझ्या टेबलावर ठेवले आणि रुमाल नाकाला लावला. एप्रिलची दुपार होती, जालन्यात बेचाळीस डिग्री तापमान होतं आणि त्या डब्यांना न धुतलेल्या मोज्यांचा वास येत होता.

"ताई, गोडाऊन खाली करून राह्यलो. बियाण्याच्या थैल्या ठेवायला जागा न्हाई. हे पणजोबाच्या जमान्यापासून पडून हाय. फेकून देऊ का?"

"फेकलंस तर तुझ्या दुकानासमोर उपोषणाला बसेन," मी म्हटलं.

रजतचं जालन्यात बियाण्यांचं दुकान आहे. त्याचे पणजोबा गौतमचंद निजामाच्या काळात तंबू घेऊन गावोगाव मूकपट दाखवत फिरायचे. घरात ते कुणी अभिमानाने सांगत नाही. माझ्याबद्दल सांगायचं तर, मी वंदना. पुण्यात अठरा वर्षं जुन्या फिल्म दुरुस्त केल्या आणि मग जालन्याला परत येऊन दोन खोल्यांत तेच काम सुरू केलं. लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर माझं घर चालतं. अशा सडक्या डब्यांसाठी मात्र मी जेवण विसरते. मी हट्टी आहे, हे मला सगळीकडून ऐकवून झालेलं आहे.

डब्यांवर रंगाने फक्त 'राणी' असं लिहिलेलं होतं. पहिली दोन रिळं नव्हती, म्हणजे नावाची पाटीही नव्हती. तीन ते सात हातात आली. जुनी फिल्म ठिणगीने पेटते, म्हणून मी ती प्रोजेक्टरवर चढवत नाही. एकेक चौकट स्कॅन करून संगणकावर घेते. पाच रिळांना अकरा दिवस लागले.

गोष्ट साधी होती. एक राजा, त्याची राणी, थाटाचं लग्न. मग राजाच्या मनात संशय शिरतो. कशावरून शिरतो ते बहुधा हरवलेल्या रिळांत असावं, किंवा नसेलही. संशयाला कारण लागतंच असं नाही. तो तिच्याशी बोलणं टाकतो, तिच्या दासी काढून घेतो आणि शेवटी तिच्या महालाचं दार चिणायला गवंडी बोलावतो. मध्ये मध्ये इंग्रजी, गुजराती, उर्दू आणि हिंदीत मजकुराच्या पाट्या येतात. शेवटची पाटी होती: 'वह द्वार फिर कभी न खुला.' तिच्यानंतर एकच दृश्य. भिंत जवळजवळ पूर्ण, छातीच्या उंचीवर एका दगडाची फट, फटीत राणीचा चेहरा. दोन गवंडी बाजूला. राजा आपल्याकडे पाठ करून उभा. चारशे बारा चौकटी, जेमतेम पंचवीस सेकंद.

या शेवटच्या दृश्यात राणी खाली बघत होती. हे मी खात्रीने सांगते, कारण पापणीवरचा एक ओरखडा काढायला मला अख्खी दुपार लागली होती.

पुढच्या सोमवारी फाईल उघडली तेव्हा ती डावीकडे बघत होती.

आपण थकलोय, असं मी स्वतःला सांगितलं. मग तिसाव्या चौकटीची कागदावर प्रत काढली, तारीख घातली आणि भिंतीला चिकटवली. दुसऱ्या दिवशी कागदावर ती डावीकडे बघत होती आणि पडद्यावर समोर, थेट माझ्याकडे. फाईलवर तारीख जुनीच होती. चौकटी चारशे बाराच. मी मूळ रीळ काढलं, काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर धरलं, भिंग लावलं. बोटाच्या पेराएवढ्या चौकटीतही ती समोरच बघत होती.

तिसऱ्या दिवशी तिचे ओठ हलायला लागले.

आणखी एक गोष्ट होती आणि तिचीच मला जास्त भीती वाटली. सातवं रीळ सडत चाललं होतं. फिल्म सडते तेव्हा कडेने बुडबुडे उठतात आणि चित्र चिकट होऊन नाहीसं होतं. रिळाचं हे होणारच, म्हणून तर स्कॅन करायचा. पण बुडबुडे स्कॅनमध्येही सरकत होते. रोज थोडे थोडे, फटीच्या दिशेने. फाईल सडत नाही. ही सडत होती. मी मोजपट्टी लावली. महिनाभरात ते तिच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचणार होते.

रजतला बोलावून सगळे कागद दाखवले. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"पणजोबाच्या तंबूत एक जण पाट्या वाचायचा," तो म्हणाला. "लोकान्ला वाचता येत न्हव्हतं ना. मच्छिंद्र नाव होतं. त्याचा पोरगा अजून हाय, केदारखेड्याला."

मच्छिंद्रचा पोरगा म्हणजे सोमेश्वरबाबा, वय त्र्याऐंशी. रजत आणि मी गेलो तेव्हा ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी लॅपटॉप उघडून शेवटचं दृश्य लावलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि हाताने झाकण पाडलं.

"हे बापानं कुणाला दावलं न्हाई," ते म्हणाले. "शेवटची पाटी आली की बाप मशिनीच्या भिंगावर हात ठिवायचा. अंधार करायचा. आन् त्या अंधारात बोलायचा, की ही राणी ह्याच गावची लेक हाय, राणी माहेरी आली. ज्या गावात तंबू, त्या गावची लेक. बाया लई खूश व्हायच्या. भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या पडद्यावरून."

"पण पाटीवर तर वेगळंच लिहिलंय."

"मला ठावं हाय. एकदाच वाचली बापानं लिहिल्यासारखी, वडीगोद्रीला. तवर भिंत गुडघ्याएवढी होती म्हणायचा. चित्र तिथंच संपत होतं." त्यांनी हात छातीपर्यंत नेला. "दुसऱ्या खेळाला भिंत इथवर आल्ती."

रजतने माझ्याकडे पाहिलं.

"बाप म्हणायचा, चित्रातल्या माणसान्ला बोलता येत न्हाई," सोमेश्वरबाबा म्हणाले, "पर ऐकू समदं येतं."

परतीच्या वाटेवर गाडीत माझं डोकं चालू होतं. मच्छिंद्रने चांगलं केलं, पण अर्धंच केलं. बोलला तेव्हा चित्र झाकलेलं होतं. राणीला ऐकू गेलं असेल, पण बाहेर पडायला तिला उजेडच मिळाला नाही. ही चूक दुरुस्त करण्यासारखी होती. शेवटचं दृश्य चालू असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तेच शब्द बोलायचे. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. पण एक बाई पंचवीस सेकंदांच्या फटीतून रोज माझ्याकडे बघत होती आणि तिच्यापर्यंत सड येत होती. तिला बाहेर काढायचं, एवढं मी ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं.

सोमेश्वरबाबा तीन आठवडे नाही म्हणत होते. मी चार वेळा केदारखेड्याला गेले. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा पाणी, तिसऱ्यांदा त्यांच्या सुनेने बाबा झोपलेत असं सांगितलं आणि आतून बाबाच खोकले. चौथ्यांदा मी कागद घेऊन गेले. बुडबुडा तिच्या हनुवटीला टेकला होता.

त्यांनी कागद हातात घेतला. "बापानं केलं न्हाई ते मी करू?"

"तुम्ही नाही केलं तर कुणीच उरणार नाही, बाबा."

"मंग जल्दी करा," ते म्हणाले. "आन् खेळ आमच्या अक्काकडं ठिवा. तिला बापाचं समदं याद हाय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण द्वारकाबाई, सासर पिंपळगाव रेणुकाई. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांच्या घरचं मंगल कार्यालय आहे, घराला लागूनच. मे महिना संपत आला होता आणि मिरचीचा तोडा जोरात होता, म्हणून गुरुवारी दुपारी तीनची वेळ धरली. सकाळची तोडणी करून बायका मोकळ्या व्हायच्या. खिडक्यांना मिरचीच्या वाफ्यांवर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर लावला. पंखे गरम हवा ढवळत होते. कपड्यांतून तिखट आलेलं, त्यामुळे कुणी ना कुणी सारखं शिंकत होतं. पंचेचाळीस-पन्नास बायका असतील. पांढऱ्या चादरीसमोर, माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या प्रोजेक्टरशेजारी, सोमेश्वरबाबा हातात काठी घेऊन उभे राहिले.

मी खेळ सुरू केला.

आणि म्हातारा बदलला. पाठ सरळ झाली, आवाज भरला. हिंदी पाटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बापाचं सगळं तोंडपाठ होतं. राजा रुसला की ते राजाची नक्कल करायचे, दासी रडल्या की त्यांचा गळा दाटायचा. बायका खो खो हसल्या. दासी काढून नेल्या तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "किडे पडतील रे तुझ्या तोंडाला!" मी इतक्या वर्षांत मूकपटाला असा प्रेक्षक पाहिला नव्हता. क्षणभर मी कशासाठी आलेय तेसुद्धा विसरले.

मग शेवटची पाटी आली.

सोमेश्वरबाबा थांबले. त्यांचा हात आपोआप भिंगाच्या दिशेने गेला. मी तो धरला.

"बाबा, बोला."

पाटी गेली. भिंत आली. फटीत राणी, हनुवटीपाशी बुडबुडा, ओठ हलत असलेले.

"ही राणी," बाबा म्हणाले. "ही राणी पिंपळगाव रेणुकाईची लेक हाय. लई सोसलं तिनं. तिच्या गावानं तिला बोलवलंय. राणी माहेरी आली हो!"

पुढच्या रांगेतून द्वारकाबाई उठल्या. पदराखाली त्यांनी भाकरीचा तुकडा आणला होता. चादरीजवळ जाऊन त्यांनी तो ओवाळला आणि बाजूला टाकला.

"ये माय," त्या म्हणाल्या. "आत ये."

राणीचे ओठ थांबले.

ती मागे सरकली. फटीत फक्त काळोख राहिला.

गवंड्यांचे हात थबकले.

मग राजाने मान वळवली. त्या दृश्यात त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्याने फटीकडे पाहिलं नाही. त्याने हॉलमध्ये पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रांगेवर रांग, सावकाश.

चादर पांढरी झाली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या लेखी सिनेमा असाच होता. कुणीतरी बाजूचं दार उघडलं, ऊन आत आलं, चहाच्या किटल्या आल्या. सोमेश्वरबाबा खुर्चीत बसून रडत होते. मी त्यांचे पाय धरले. नंतर सामान आवरून मी जालन्याला निघाले. मला गर्दीत थांबायचं नव्हतं, घरी जाऊन फाईल बघायची होती.

फटीत कुणी नव्हतं. मग मी मागची रिळं पाहिली. लग्नाच्या मंडपात राजा हार धरून एकटाच उभा होता आणि भटजी रिकाम्या पाटावर अक्षता टाकत होते. दासी रिकाम्या पलंगाला वारा घालत होत्या. कुठल्याच चौकटीत ती नव्हती. बुडबुडे होते तिथेच थांबले होते. मी रजतला फोन करून सांगितलं आणि बोलता बोलता रडले. तोही म्हणाला, "ताई, जिंकलो आपण." त्या रात्री मी महिन्यानंतर नीट झोपले. ती कुठे गेली, हा प्रश्न मला पडलाच नाही. आतून सुटली, एवढंच डोक्यात होतं.

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी सकाळी दहा वाजता मी सातव्या रिळाची फाईल पुन्हा लावली, नुसतं बघावं म्हणून.

राजा तिथे नव्हता.

भिंत होती, फट होती, थापी घेतलेले गवंडी होते. राजा उभा असायचा तिथे नुसती जमीन होती. मी सहावं रीळ पाहिलं, पाचवं पाहिलं. मंडपात आता भटजी एकटे होते.

मी द्वारकाबाईंना फोन लावला. त्यांनीच उचलला.

"आजी, सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"ठीकच हाय की. तुला फोन लावायला सांगणारच होते बघ नातवाला. त्या दिवशी तुमचा खेळ झाला, समद्या बाया गेल्या, आन् एक पोरगी तशीच बसून राह्यली. तुमच्यासंगं आल्ती का जालन्याहून?"

मी पडद्यावरच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

"बोलत न्हाई बिचारी. ओठ हलतेत, आवाज न्हाई. भरजरी लुगडं, पर रंग पार उडालेला. अंगबी तसंच, राखाडी. मला वाटलं आजारी हाय. घरी नेलं, न्हाऊ घातलं. दोन दिवस राह्यली. माझ्या पाठीमागं फिरायची नुसती, लेकरावानी. उन्हात जाऊन बसायची आन् हसायची."

"आजी, तिला कुठेही पाठवू नका. मी निघतेय आत्ताच."

"अगं, गेली की ती."

"कुठे?"

"सासरी. सकाळी तिचा मालक आल्ता न्यायला. त्याचंबी तसंच बघ, नुसते ओठ हलून राह्यले. एवढ्या उन्हात डोक्याला फेटा. पर रीतसर आला, वट्ट्यावर बसला, पाणी घेतलं न्हाई. तिनं त्याला पाह्यलं आन् खांबाला मिठी मारली. सोडीचना."

"मग?"

"मंग काय. जावई दारात आल्यावर लेकीला ठिवून घेता येतं का? मी समजावलं तिला. म्हणलं, बाई, नांदायला जावंच लागतं. आमी न्हाई का गेलो? ऐकंना, तवा मीच एकेक बोट सोडवलं तिचं." त्यांचा आवाज जरा खाली आला. "लई गार होती बोटं. पर मोकळी न्हाई धाडली मी. नातवानं भोकरदनहून नवी साडी आणली. नेसवली, ओटी भरली, तांदूळ-नारळ बराबर घातला. आपली लेकच म्हणली ना सोमानं, मंग बिलकुल कमी केलं न्हाई."

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. माझ्या आईनेही माझी दोनदा अशीच ओटी भरली होती, असंच समजावून, आणि अंगणात माझा नवरा असाच थांबलेला होता. इतर कुणाला नाही तरी हे मला कळायला हवं होतं. मी तिला माहेर दिलं आणि माहेर काय करतं तेच विसरले.

"किती वेळ झाला, आजी?"

"घंटा झाला आसंल. पायीच गेले. कार्यालयाच्या बाजूनं."

मी फोन चालूच ठेवला. दुसऱ्या हाताने सातवं रीळ मागे नेऊन पुन्हा लावलं.

शेवटची पाटी आली. चारही लिप्यांतला मजकूर गेला होता. मधोमध मराठीत एकच ओळ होती.

'बाई, नांदायला जावंच लागतं.'

"हॅलो," द्वारकाबाई म्हणत होत्या, "पोहोचली का गं ती?"

भिंत आली. गवंडी निघून गेले होते. राजाही नव्हता. फट नव्हती, तिथे दगड बसलेला होता आणि चुना अजून ओला दिसत होता. भिंतीच्या पायाशी तांदूळ सांडले होते. मी चौकट थांबवली आणि मोठी केली, आणखी मोठी केली. त्या दगडाच्या कडेला साडीच्या पदराचं टोक चिणलं गेलं होतं. टोकाला दुकानाचं लेबल तसंच होतं आणि त्यावरचा दहा आकडी मोबाइल नंबर स्वच्छ वाचता येत होता.